हँडल, ठिणगी आणि सेल्फ

गाडी सुरू होत नाही म्हटले की आपल्याकडे निदान आधीच ठरलेले असते : "बॅटरी गेली." नांदेडच्या बसस्थानकाबाहेरची काळी-पिवळी जीप असो की लातूरच्या एखाद्या डॉक्टरांची मोटार असो, चावी फिरवणारा चालक, धक्का मारायला जमलेली मंडळी आणि सल्ला देणारे वाटसरू यांचे यावर चटकन एकमत होते. मग नवी बॅटरी येते, गाडी सुरू होते आणि निदान बरोबर होते असे सर्वांना वाटते. काही आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा मुकी झाली, की दोष नव्या बॅटरीच्या माथी मारला जातो.

यात एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुनी बॅटरी काढताना मिस्त्रीने तिच्या टर्मिनलांवरच्या जाड तारांच्या पकडी सैल केल्या, त्यांवरची पांढरी-हिरवट बुरशी खरवडली आणि नव्या बॅटरीवर त्या पुन्हा घट्ट आवळल्या. म्हणजे एकाच वेळी दोन बदल झाले : बॅटरी बदलली आणि जोड साफ झाला. श्रेय मात्र एकट्या बॅटरीला मिळाले. "प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा" हे वाक्य आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. ते न पाळल्याची किंमत किती असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला ही किंमत काही हजार रुपयांत मोजावी लागते.

मोटार सुरू करण्याची विद्युत यंत्रणा कोणी एका दिवसात रचलेली नाही. ती थरावर थर चढत तयार झाली. प्रत्येक थर आधीची एखादी अडचण दूर करण्यासाठी आला आणि येताना स्वतःचा एक नवा दोष घेऊन आला. हे थर कोणत्या क्रमाने चढले ते समजले, की दोष कसा शोधावा हेही आपोआप समजते. म्हणून या लेखात आपण निदानाकडे इतिहासाच्या वाटेने जाऊ या.

ठिणगी आधी, मोटार नंतर

बंदिस्त भांड्यातील वायू विजेच्या ठिणगीने पेटवण्याची कल्पना मोटारीपेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७६ मध्ये मॅगिओर सरोवराच्या काठच्या दलदलीतून बुडबुडे होऊन येणारा वायू गोळा केला. हाच मिथेन. हा वायू आणि हवा यांचे मिश्रण एका लहान नळीत भरून, तोंडाला बूच लावून, त्याने आत विजेची ठिणगी पाडली. स्फोट झाला आणि बूच उडाले. बुचाच्या जागी दट्ट्याची कल्पना करा. इंजिनाचे बीज तेथे आहे.

ते अंकुरायला १८६० साल उजाडावे लागले. पॅरिसमधील एतिएन लन्वार याने वायूवर चालणारे इंजिन केले आणि मिश्रण पेटवण्यासाठी विजेची ठिणगी वापरली. बॅटरीचा दाब काही व्होल्टचा, आणि हवेच्या फटीतून ठिणगी उडवायला तर हजारो व्होल्ट लागतात. हे अंतर भरून काढले ते प्रवर्तन वेटोळ्याने. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिले होते, की एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला तर शेजारच्या वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. पहिल्या वेटोळ्यात जाड तारेचे थोडे वेढे, दुसऱ्यात बारीक तारेचे हजारो वेढे, आणि पहिल्यातील प्रवाह एकदम तोडायचा; त्या क्षणी दुसऱ्याच्या टोकांशी ठिणगी उडते. गॅरेजमध्ये ज्याला नुसते "कॉइल" म्हणतात ती वस्तू हीच.

प्रवाह "एकदम" तोडणे येथे महत्त्वाचे आहे. तो हळूहळू कमी झाला तर दाब निर्माण होत नाही. हे तोडण्याचे काम पुढे अनेक दशके धातूच्या दोन लहान टिकल्या करत होत्या. त्यांना मिस्त्री "पॉइंट" म्हणत. पॉइंट जळले, त्यांतली फट चुकली, किंवा शेजारचा कंडेन्सर निकामी झाला, की ठिणगी दुबळी पडे. "करंट येत नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथेच असे.

रस्त्यावरची पहिली दुरुस्ती

जर्मनीतील मानहाइमच्या कार्ल बेंझला २९ जानेवारी १८८६ या तारखेचे पेटंट मिळाले, ते तीन चाकांच्या मोटारीचे. त्या काळी इतर कारागीर इंजिनातील मिश्रण पेटवण्यासाठी ज्योत किंवा तापवलेली नळी वापरत होते. बेंझने बॅटरी आणि कॉइल निवडली. पेटवण्याचा हा प्रश्न त्याला सर्वांत अवघड वाटत असे.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्ता दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, ही गाडी घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नांदेडहून निघून लोहा, अहमदपूर मागे टाकून चाकूरच्या आसपास पोहोचण्याइतके. त्यापूर्वी मोटारीने एवढा लांबचा प्रवास कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजून ती उघडी पडली होती, तिला तिने मोज्याचा पट्टा गुंडाळून दुरुस्त केले, असे सांगितले जाते.

ही हकीगत सहसा गंमत म्हणून सांगतात, पण तिच्यात पुढच्या सगळ्या निदानाचे सूत्र आहे. गाडी थांबली तेव्हा बेर्ताबाईंपुढे दोनच शक्यता होत्या : इंधन पोहोचत नाही, किंवा ठिणगी पोहोचत नाही. दोन्ही वाटा तिने टोकापासून टोकापर्यंत पाहिल्या. सुटा भाग तिच्याजवळ एकही नव्हता. त्यामुळे भाग बदलून बघण्याचा मोह होण्याची सोयच नव्हती. दोष शोधणे एवढाच मार्ग उरला होता.

पुढे स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने मॅग्नेटोवर काम केले. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज निर्माण करणारे यंत्र. १९०२ मध्ये तेथील गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीने स्पार्क प्लग तयार केला. आता ठिणगीसाठी बॅटरीची गरज उरली नाही. फोर्डची १९०८ ची 'मॉडेल टी' गाडी मॅग्नेटोवरच चालत असे. पण मॅग्नेटो फिरायचा तर आधी इंजिन फिरले पाहिजे. ते फिरवायचे कोणी?

हँडलचा जमाना

माणसाने. गाडीपुढे उभे राहायचे, बंपरखालच्या भोकात हँडल घालायचे आणि जोर लावून झटका द्यायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडलचा फटका मनगटावर किंवा हनुवटीवर बसे. हाड मोडल्याची प्रकरणे इतकी होत, की हँडल मुठीत कसे धरावे आणि अंगठा कोठे ठेवावा हे शिकवले जाई.

आपल्या भागात मोटारी रुळल्या त्या याच जमान्यात. नांदेड आणि लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव होते. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तो २७ बसगाड्यांनिशी. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. त्या काळच्या बहुतेक मोटारींना हँडल घालण्याची सोय असे आणि ते मारणे हे क्लीनरच्या कामांपैकी एक असे.

स्वातंत्र्यानंतर भारतात तयार झालेल्या गाड्यांनीही ही सोय बराच काळ ठेवली. मुंबईत १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र कंपनीच्या जीपला हँडल असे, बंगालमधील उत्तरपाड्याच्या अॅम्बॅसेडरलाही असे. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तिचे इंजिन आडवे बसवलेले. समोरून हँडल घालण्याचा प्रश्नच मिटला. मग हळूहळू हँडल दिसेनासे झाले.

हँडल गेले तेव्हा त्याच्याबरोबर निदानाचे एक साधे साधनही गेले. सेल्फने न फिरणारी गाडी हँडलने सुरू झाली, तर ठिणगी आणि इंधन ठीक आहेत हे त्याच क्षणी सिद्ध होई. दोष सेल्फच्या मंडलात आहे हे ठरे. उलट हँडल मारून मारून माणूस घामाघूम झाला तरी इंजिन पेटले नाही, तर सेल्फ आणि बॅटरी तपासत बसण्यात अर्थ नसे. एका कृतीने शक्यतांचे दोन वाटे होत आणि एक वाटा बाद होई. आज गिअर हाताने बदलायच्या गाडीला धक्का मारतो तेव्हा आपण नकळत हीच चाचणी करत असतो.

केटरिंगचा हिशोब

विजेच्या मोटारीने इंजिन फिरवावे ही कल्पना अनेकांना सुचली होती. अडचण आकाराची होती. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटार सतत चालवायची म्हटली, तर ती आणि तिची बॅटरी गाडीत मावेना. ही कोंडी अमेरिकेतील चार्ल्स केटरिंगने फोडली. तो आधी नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होता आणि दुकानातील गल्ल्याचे यंत्र त्याने विजेवर चालवून दाखवले होते. गल्ल्याचा खण उघडायला ताकद लागते, पण क्षणभरच. केटरिंगने हाच हिशोब मोटारीला लावला. सेल्फला दिवसभर चालायचे नाही, काही सेकंद चालायचे आहे. तेवढ्या वेळात लहान मोटारीवर कितीतरी जास्त भार टाकला तरी ती जळण्याइतकी तापत नाही. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याची यंत्रणा बसली. बॅटरीने सेल्फ फिरवायचा, इंजिन चालू झाले की त्याच्यावर फिरणाऱ्या जनित्राने बॅटरी पुन्हा भरायची, आणि ठिणगीही त्याच बॅटरीवर.

सेल्फ एका दमात फार वेळ मारू नये, मध्ये थांबावे, असे मिस्त्री बजावतात त्याचे कारण हेच. तो काही सेकंदांच्या हिशोबानेच बनवलेला आहे.

या यंत्रणेच्या पोटात दोन अगदी वेगळी मंडले आहेत. ठिणगीच्या मंडलाला काही अँपिअर पुरतात. सेल्फला मात्र शंभर-दोनशे अँपिअर लागतात. आपल्या घरातील शंभर वॉटच्या बल्बमधून अर्धा अँपिअरही जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. एवढा प्रवाह चावीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. म्हणून चावी फक्त एका विद्युतचुंबकाला थोडा प्रवाह देते. तो चुंबक आतला दांडा ओढतो आणि जाड संपर्क जोडून देतो. हा सोलेनॉइड स्विच. आणि परतीची तार तर नसतेच. गाडीचे पत्र्याचे अंग हीच परतीची वाट. एक तार वाचवून परतीसाठी जमीन वापरण्याची युक्ती तारायंत्राच्या काळात, १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइलने वापरली होती. मोटारीतही आपण या परतीच्या वाटेला अजून "अर्थ" म्हणतो, गाडी रबराच्या टायरवर उभी असली तरी!

ओहमचा नियम आणि पांढरी बुरशी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. "दिवे तर लख्ख लागतात, मग सेल्फ का फिरत नाही?" हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज विचारला जातो. त्याचे उत्तर ओहमने १८२७ मध्ये मांडलेल्या नियमात आहे.

सोयीचे आकडे घेऊ. शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा कोश असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. तिचा आतला रोध ०.०१ ओहम धरू. सेल्फ फिरू लागण्याच्या पहिल्या क्षणी त्याचा रोध ०.०५ ओहम धरू. एकूण ०.०६ ओहम, म्हणून प्रवाह २१० अँपिअर. सेल्फला १०.५ व्होल्ट मिळतात आणि तो फिरतो.

समजा, टर्मिनल आणि पकड यांच्यामध्ये बुरशी साठून ०.१ ओहम रोध तयार झाला. हा रोध इतका लहान आहे, की साधा मल्टिमीटर तो जवळजवळ शून्यच दाखवेल. दोन्ही दिवे मिळून ९ अँपिअर घेतात, तेव्हा या जोडावर ०.९ व्होल्ट वाया जातात. दिवे किंचित मंद होतील, सहज नजरेत येणार नाहीत. पण सेल्फ लावला की एकूण रोध ०.१६ ओहम होतो. प्रवाह सुमारे ७९ अँपिअरवर येतो आणि त्यातले जवळजवळ ८ व्होल्ट त्या एका जोडावर खर्च होतात. सेल्फच्या वाट्याला उरतात चार व्होल्टही नाहीत. त्याला मिळणारी शक्ती २,२०० वॉटवरून ३१० वॉटवर, म्हणजे सातव्या हिश्श्यावर येते. तो फिरणार कसा? आणि त्या गंजलेल्या जोडात मात्र ६०० वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. अनुभवी वायरमन दोन-चार सेकंद सेल्फ मारून मग जोडांना सावधपणे बोट लावून पाहतो, ते यासाठीच. गरम जोड म्हणजे दोषी जोड.

या हिशोबातून निदानाचा सर्वांत महत्त्वाचा नियम मिळतो : प्रवाह वाहत असतानाच मोजा. स्वस्थ बसलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट पाहून तिला ठणठणीत ठरवणे, किंवा तुटक्या दोरीला हात न लावता ती मजबूत म्हणणे, सारखेच. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टर्मिनलांवरचा दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. तो गेला तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ जाम आहे. तो चांगला राहिला, तर मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलावर आणि दुसरे सेल्फच्या जाड खिळ्यावर धरून सेल्फ मारावा. येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर त्या वाटेत कोठेतरी अडथळा आहे. तसेच ऋण टर्मिनल आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये. तेथे पाव व्होल्टच्या आसपास मर्यादा धरावी. मग वाट निम्मी करत जावे, दोष असलेला निम्मा भाग पुन्हा निम्मा करावा. तारखात्याचे अभियंते मैलोन्‌मैल लांबीच्या तारेतील दोषाची जागा टोकावर बसून मापनाने ठरवत; तार सगळी उकरून पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. निदानाची ही शिस्त मोटारीपेक्षा जुनी आहे.

परतीच्या वाटेतील दोष विशेष फसवा असतो. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते, म्हणून त्याच्या अंगापासून गाडीच्या अंगापर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी जोडतात. ती गंजून तुटली, तर दिवे लख्ख राहतात, कारण त्यांची वाट वेगळी आहे. सेल्फ मात्र मुका. कधी कधी तो प्रवाह परत येण्यासाठी अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची बारीक वायर शोधतो आणि ती वायर चटका बसेल इतकी तापते. ती वायर बदलून काय होणार?

आवाज काय सांगतो

मापनयंत्र हाती नसले तरी कान असतात. चावी फिरवल्यावर येणारा आवाज, किंवा न येणारा आवाज, पुष्कळ सांगतो.

"टक्-टक्-टक्-टक्" असा जलद आवाज आला, तर आपल्या पाठ्यपुस्तकातील विजेची घंटा आठवावी. सोलेनॉइड दांडा ओढतो, जाड संपर्क जुळतो, सेल्फ भरमसाट प्रवाह मागतो, दाब कोसळतो, चुंबक दुबळा पडतो आणि दांडा सुटतो. सुटताच दाब परत चढतो आणि चक्र पुन्हा सुरू. याचा अर्थ चावी, बारीक तारा आणि सोलेनॉइड ठीक आहेत. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्याजवळचा जोड खराब आहे.

एकच "खट्" आणि नंतर शांतता असेल, तर दिव्यांकडे पाहावे. दिवे विझल्यासारखे झाले, तर प्रवाह मागितला जात आहे पण पुरवला जात नाही, किंवा सेल्फ अडकला आहे. दिवे तसेच लख्ख राहिले, तर प्रवाह सेल्फपर्यंत जातच नाही : सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, सेल्फचे कार्बन झिजलेले, किंवा वर सांगितलेली तांब्याची पट्टी.

काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरलेली आहे किंवा तिचा जोड निखळला आहे. आवाज नाही पण दिवे आहेत, तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वाट पाहावी. आणि सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर १९१२ चा थर निर्दोष. आता १८८८ च्या बेर्ताबाईंप्रमाणे ठिणगी आणि इंधन पाहायचे. डिझेल गाडीत ठिणगी नसतेच, तेथे तापवणारे प्लग आणि इंधन पुरवठा पाहायचा.

मराठवाड्याची हवा, मराठवाड्याचे पाणी

थंड देशांतील पुस्तके सांगतात की बॅटरीची शत्रू थंडी. ते अर्धे खरे आहे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातील तेल घट्ट होते, म्हणून सेल्फ जड जातो. पण बॅटरीचे आयुष्य खाते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की तिच्या आतील झीज साधारण दुप्पट वेगाने होते. गोदाकाठचे नांदेड मे महिन्यात बेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापते. बालाघाटच्या पठारावरचे लातूर त्या मानाने थोडे थंड. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. यामुळे एक चकवा निर्माण होतो. बॅटरी खचते मे महिन्यात, पण उन्हाळ्यात तिच्यावर भार कमी असल्याने ती वेळ मारून नेते. तक्रार येते डिसेंबरच्या गारठलेल्या पहाटे. दोष घडण्याची वेळ आणि दोष दिसण्याची वेळ एक असतेच असे नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही सांगण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीतील पाणी उष्णतेने आणि चार्जिंगने कमी होते. ते वेळोवेळी भरावे लागते. बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे असा नियम आहे, पण अडल्या वेळी बोअरचे पाणी ओतले जाते. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे खोल बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. त्यातील क्लोराइडने पट्ट्या गंजतात. लोहाचे आयन एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर विद्युतभाराची ने-आण करत राहतात आणि गाडी उभी असतानाही बॅटरी आतल्या आत उतरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात बॅटरीसाठी वेगळे पाणी विकत घेणे चैनीचे वाटले तर नवल नाही. तरीही हा खर्च नव्या बॅटरीपुढे नगण्य आहे.

संगणक आला तरी

गेल्या काही दशकांत या यंत्रणेवर आणखी थर चढले. १९६० च्या सुमारास सिलिकॉन डायोडमुळे डायनॅमोची जागा आल्टरनेटरने घेतली. पॉइंट गेले, त्यांचे काम ट्रान्झिस्टर करू लागला. नंतर संगणक आला, चावीत चिप आली. चिप ओळखली गेली नाही तर सेल्फ फिरूनही इंजिन पेटत नाही, काही गाड्यांत सेल्फही फिरत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या मानकांनंतर तर संवेदकांची संख्या आणखी वाढली.

आता मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर दोषाचा क्रमांक येतो. यामुळे जुना मोह नव्या रूपात परतला आहे : क्रमांकात ज्या भागाचे नाव, तो भाग बदलून टाकणे. परंतु संगणक फक्त एवढेच सांगतो, की अमुक तारेवर अपेक्षित दाब आला नाही. दोष संवेदकात असेल, तारेत असेल, किंवा त्याच जुन्या गंजलेल्या जोडात. सेल्फ मारताना दाब फार कोसळला तर एकाच वेळी अनेक क्रमांक उमटतात आणि निर्दोष भाग आरोपी ठरतात. स्कॅनर साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

वर्गासाठी

आमच्या मते ओहमचा नियम शिकवण्यासाठी मोटारीहून चांगले उदाहरण नाही, पण वर्गात तीस-चाळीस मुलांपुढे खऱ्या गाडीत हात घालणे धोक्याचे आहे. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एका ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. आम्लाने डोळे जाऊ शकतात. म्हणून आम्ही दोन साधे प्रयोग सुचवतो.

पहिला : टॉर्चचे चार सेल, एक लहान एलईडी, एक खेळण्यातील मोटार आणि पन्नास ओहमचा एक रोधक घ्यावा. एलईडीला त्याचा नेहमीचा संरक्षक रोधक लावावा. मग पन्नास ओहमचा रोधक "गंजलेला जोड" म्हणून मार्गात घालावा. एलईडी लागलेलाच राहतो, मोटार फिरत नाही. "सेल संपले का?" असे विचारावे आणि मुलांना व्होल्टमीटर देऊन दोष कोठे आहे ते शोधू द्यावे. रोधक पुठ्ठ्याखाली लपवला तर अधिक मजा येते. अट एकच : मोटार जोडलेली असतानाच मोजायचे.

दुसरा : काचेच्या तीन पट्ट्यांवर बोअरच्या, नळाच्या आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा एकेक थेंब ठेवून उन्हात वाळू द्यावा. मागे राहिलेले डाग पाहिल्यावर बॅटरीत कोणते पाणी घालावे हे सांगावे लागणार नाही.

नांदेड-लातूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक किंवा वायरमनचा अभ्यासक्रम घेणारी मुले आपल्याच शाळांतून गेलेली असतात. भाग बदलणे त्यांना कोणीही शिकवील. भाग न बदलता दोष शोधणे, एक चाचणी करून निम्म्या शक्यता बाद करणे, आणि गाडी सुरू झाल्यावरही "ती नेमकी कशामुळे सुरू झाली?" असे स्वतःला विचारणे, हे त्यांना विज्ञानाच्या तासालाच मिळू शकते. ते मिळाले तर एखाद्या जीपवाल्याची नवी बॅटरी वाचेल, आणि ओहमचा नियम परीक्षेनंतरही कामाला येईल.